‘बस’ कुठून आली? इंग्रजी शब्दाचा माग काढायची माझी रीत

शनिवारी दुपारी लालबागला आमच्या चाळीच्या कमिटीच्या खोलीत मी सात-आठ मुलांना इंग्रजी शिकवते. मध्यंतरी सहावीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, जिच्यात बसतात ती बस, असंच ना?” बाकीची मुलं हसली. मला हसू आलं नाही. शाळेत नोकरीला असताना हाच प्रश्न एका वर्गात आला होता आणि पोर्शन संपवायच्या घाईत मी “असेल” म्हणून पुढच्या धड्याकडे वळले होते. त्या वर्गातली चाळीसेक मुलं ते ‘असेल’ खरं धरून घरी गेली. ते मला अजून बोचतं. त्यातून मी बसच्याच पगारावर वाढलेली मुलगी. माझे वडील, अण्णा, बेस्टमध्ये, म्हणजे मुंबईच्या बससेवेत, कंडक्टर होते. ड्यूटीवरून आले की सुट्ट्या नाण्यांनी काळा पडलेला अंगठा मोरीत बसून घासून घासून धुवायचे, आणि जेवताना बोलता बोलता उजव्या हाताची बोटं तिकिटाचा पंच दाबल्यासारखी हलायची. त्या घरातल्या मुलीने ‘बस’ या शब्दाबद्दल “असेल” म्हणावं, हे बरोबर नव्हतं.

म्हणून या वेळी मी त्या मुलीला उत्तर दिलं नाही. चार शनिवार घेऊन आम्ही दोघींनी मिळून तो शब्द शोधला. कसा शोधला ते इथे सांगते. तुम्हाला कुठलाही इंग्रजी शब्द असाच शोधता येईल.

एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर ‘वाटतं’ लिहा, उजव्या पानावर ‘सापडलं’. शब्दाबद्दल जे काही मनात आहे ते आधी डावीकडे लिहून टाका, कितीही बाळबोध वाटलं तरी. हे टाळू नका. मनातला अंदाज कागदावर उतरला नाही तर तो शोधताना डोळ्यांसमोर येत राहतो आणि त्याला जुळेल तेवढंच आपल्याला दिसतं. मुलीने डावीकडे लिहिलं : ‘बस, बसणे वरून.’ मी त्याखाली तारीख घालायला लावली.

दुसरं काम म्हणजे एकसारखे दिसणारे शब्द वेगळे करणं. आपल्या तोंडात ‘बस’ तीन आहेत. आई म्हणते “खाली बस”, ती एक. वाढताना ताटावर हात आडवा धरून “बस, बस” म्हणतो, ती दुसरी. आणि लालबागच्या नाक्यावर ज्या थांब्याला आपण ताटकळतो, ती तिसरी. पहिली ‘बस’ संस्कृतातल्या ‘उपविश्’पासून प्राकृतातून आली. वाटेत तिचं ‘बैस’ झालं, आणि ‘बैसणे’, ‘बैसोनि’ ही रूपं संतांच्या अभंगांत जागोजाग आहेत. माझी आजी “बैस गं बाय” असंच म्हणायची. दुसरी, ‘पुरे’ या अर्थाची, फारसीतून आली. तिसरी इंग्रजीतून. तिघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण हे आत्ताच जाहीर करायचं नाही. वहीत तीन ओळी सोडायच्या आणि ज्या शब्दाचा शोध चालू आहे त्याला खूण करायची. मराठी बाजूसाठी कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ सालचा मराठी व्युत्पत्तिकोश आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती हाताशी ठेवा. मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात ऑनलाइन फुकट बघता येतो. मुलांना मात्र एकदा तरी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात न्या. जाडा कोश दोन्ही हातांनी उघडण्याचा अनुभव मोबाइलवर येत नाही.

आता तारखा. शब्दाचा शोध खरा इथे सुरू होतो, आणि बहुतेक लोक नेमकं हेच सोडून देतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात प्रत्येक अर्थाखाली जुन्या छापील मजकुरातली वाक्यं सालवार दिलेली असतात. आपण सवयीने अर्थ वाचतो आणि वाक्यं गाळतो. उलट करा. आधी सगळ्यात जुनं वाक्य बघा, त्याचं साल लिहा, मग अर्थाकडे या. ‘बस’ हा आखूड शब्द छापलेला सापडतो तो १८३२ सालापासून, तोही आजच्यासारखा नाही, शेवटी दोन ‘एस’ लावलेला. पुढे कितीतरी वर्षं त्याच्या आधी एक वरचा स्वल्पविराम लावायची पद्धत होती. विसाव्या शतकातल्या इंग्रजी मजकुरातही तो दिसतो. मुलीने विचारलं, “बाई, हे टिंब कशाला?” तो स्वल्पविराम म्हणजे पुरावाच. इथून काहीतरी कापलंय, असं छापणाराच सांगतोय. म्हणजे ‘बस’ हा पूर्ण शब्द नाही, शेपूट आहे. मग धड कुठे आहे?

धड आहे ‘ऑम्निबस’. आता या शब्दाची तारीख शोधायची. ४ जुलै १८२९ रोजी जॉर्ज शिलिबियर नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी गाडी सुरू केली. तीन घोडे शेजारी शेजारी जुंपलेले, आत वीस-बावीस माणसं, पूर्ण अंतराचं भाडं एक शिलिंग, आणि गाडीच्या अंगावर ठळक अक्षरांत रंगवलेलं ‘ऑम्निबस’. शिलिबियरने आधी पॅरिसमध्ये काम केलं होतं आणि शब्द तिथूनच आणला. पॅरिसमध्ये या नावाच्या गाड्या १८२८ पासून धावत होत्या. त्या सुरू करणारा स्तानिस्लास बोद्री मूळचा नान्तचा, म्हणजे पश्चिम फ्रान्समधल्या बंदराच्या गावचा. त्याने १८२६ मध्ये तिथे गावाबाहेरच्या आपल्या गरम पाण्याच्या स्नानगृहापर्यंत गिऱ्हाइकं आणायला गाडी ठेवली, आणि त्याच्या लक्षात आलं की लोक आंघोळीला येतच नाहीत, मधेच आपापल्या कामाच्या ठिकाणी उतरून जातात. तेव्हा त्याने स्नानगृहापेक्षा गाडीकडेच लक्ष दिलं.

साल लिहिताना एक काळजी घ्या. गूगल बुक्सवर वर्षाची चाळणी लावून शोधता येतं, फार उपयोगी आहे, पण मासिकांच्या बांधीव खंडांना तिथे कधीकधी चुकीचं साल चिकटलेलं असतं. मालिकेचं पहिलं वर्ष सगळ्याच खंडांना लावलेलं असतं. त्यामुळे मुखपृष्ठाच्या आतलं पान स्वतः उघडून छापलेलं साल बघितल्याशिवाय उजव्या पानावर काही उतरवू नका.

आणखी एक. वस्तूची तारीख आणि शब्दाची तारीख या दोन वेगळ्या तारखा आहेत. पॅरिसमध्ये ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या गाड्या १६६२ सालीच सुरू झाल्या होत्या. गणिती ब्लेझ पास्कालची ती कल्पना, भाडं पाच सू. पण तेव्हा त्यांना कोणी ऑम्निबस म्हटलं नाही. शिवाय सैनिक आणि नोकरचाकरांना त्या गाड्यांत बसायची मनाईच होती. वस्तू आधी येते, नाव शे-दीडशे वर्षांनी येतं, असं पुष्कळदा होतं. नाव आधी येतं आणि खालची वस्तू बदलत जाते, असंही होतं. घोड्यांची बस गेली, पेट्रोलची आली, डिझेलची, सीएनजीची, आता विजेची. नाव तेच राहिलं.

इथे तुम्हाला एक फार गोड गोष्ट भेटेल. नान्तमध्ये बोद्रीची गाडी जिथे थांबायची तिथे ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याचं दुकान होतं, दुकानावर त्याने आपल्या नावावर कोटी करून ‘ओम्नेस ओम्निबुस’, म्हणजे ‘सगळं सगळ्यांसाठी’ अशी पाटी लावली होती, आणि लोकांनी ते नाव गाडीला दिलं. शंभर ठिकाणी ही गोष्ट वाचायला मिळते. मी ती डाव्या पानावर लिहायला सांगितली. मुलगी हिरमुसली, तिला टोपीवाला फार आवडला होता. मी तिला तीन प्रश्न विचारायला शिकवलं. त्या काळातल्या कुठल्या कागदात हे आहे का, की सगळं नंतरच्या लोकांनी सांगितलेलं? ही गोष्ट काढून टाकली तर शब्दाचा उगम अडतो का? आणि गोष्ट इतकी बेतीव का आहे? टोपीवाल्याची गोष्ट पहिल्याच प्रश्नाला अडते, त्या काळचा पुरावा पुढे येत नाही. दुसऱ्या प्रश्नावर तर तिची गरजच उरत नाही, कारण ‘ऑम्निबस’ हा साधा लॅटिन शब्द आहे आणि त्या काळी शाळेत गेलेल्या कोणत्याही फ्रेंच माणसाला तो येत होता. त्यासाठी टोपीवाला लागत नाही. ट्रामचंही असंच झालंय. बेंजामिन औट्रम नावाच्या इंजिनिअरच्या नावावरून ‘ट्राम’ आली असं छातीठोकपणे सांगतात, पण रुळासाठी किंवा खाणीतल्या गाड्यासाठी वापरला जाणारा तो शब्द औट्रमच्या आधीचा आहे. नुसती तारीख बघितली तरी ती गोष्ट संपते.

आता शब्द उघडायचा. शब्दाचा माग काढण्यातला हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे सर्व. त्याला विभक्तीचा प्रत्यय लागून होतं ‘ओम्निबुस’, म्हणजे सर्वांसाठी, सर्वांना. शाळेत आपण घोकलेलं आठवा : चतुर्थी, स, ला, ते, स, ला, ना, ते. तशी ही लॅटिनची चतुर्थी, अनेकवचन. म्हणजे इंग्रजांनी ‘सर्वांसाठी’ हा शब्द घेतला, त्यातला ‘सर्व’ टाकून दिला आणि ‘साठी’ तेवढा ठेवला. टेलिफोनचा फोन झाला, त्यात निदान ‘आवाज’ हा अर्थ तरी शिल्लक आहे. कॅरव्हॅनची व्हॅन झाली. पण ‘बस’मध्ये नाव उरलंच नाही, उरलाय तो नुसता प्रत्यय.

मुलीने वहीत लिहिलं, ‘बस = ना.’ मी तिला म्हटलं, थांब, अजून एक पायरी आहे. तुमच्या शाळेत सकाळी प्रार्थनेला काय म्हणतात? “श्री गुरुभ्यो नमः”, ती म्हणाली. त्यातला ‘भ्यो’ कशाचा? गुरूंना नमस्कार, तर ‘ना’चा. मूळ प्रत्यय ‘भ्यः’ : रामेभ्यः, देवेभ्यः. चतुर्थीचं बहुवचन. संस्कृतात हाच प्रत्यय पंचमीच्या बहुवचनालाही लागतो. आणि लॅटिनमधला ‘बुस’? तोही चतुर्थीला आणि पंचमीसारख्या विभक्तीला, दोन्हीकडे, बहुवचनातच. हे दोन प्रत्यय एकाच जुन्या भाषेतून आलेले आहेत. त्या भाषेतला ‘भ’ संस्कृताने राखला, लॅटिनमध्ये या जागी त्याचा ‘ब’ झाला. ‘गुरुभ्यो’मधला भ्यो आणि लालबागच्या थांब्यावरची बस ही सख्खी नसली तरी चुलत भावंडं आहेत.

हे तिला कळलं तेव्हा ती एकदम गप्प झाली. मग तिने तीनदा “गुरुभ्यो, ओम्निबुस” असं पुटपुटून बघितलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मी तीस वर्षं शिकवलं, असे क्षण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले.

इथेच खरं नातं आणि नुसतं साम्य ओळखायची रीत हाती येते. शब्द मागे न्यायचा आणि बघायचं, साम्य वाढतं की विरतं. आजची ‘बस’ आणि आजचं ‘बसणे’ अगदी सारखी दिसतात. एक एक पाऊल मागे घ्या. बस, ऑम्निबस, ओम्निबुस. तिकडे बस, बैस, उपविश्. दोन्ही दूर दूर गेल्या. ‘बस’ हा उच्चारसुद्धा इंग्रजांचा. जर्मन माणूस त्याच शब्दाला ‘बुस’ म्हणतो. उलट ‘बस’ आणि ‘भ्यो’ आज ऐकून कोणालाही नातं सुचणार नाही, पण मागे नेले की ‘बुस’ आणि ‘भ्यः’ जवळ येतात, कामही तेच करतात, वचनही तेच. मुलीने स्वतःच डाव्या पानावरच्या पहिल्या ओळीवर रेघ मारली. खोडरबर वापरू नका, रेघच मारा. आपण आधी काय समजत होतो हे वहीत दिसायला हवं.

इथे एका मोहापासून सावध करते. एक नातं सापडलं की सगळीकडे संस्कृत दिसायला लागतं. ‘ओम्नि’ म्हणजे सर्व, मग त्यात ‘ओम्’ आहे, असं मला एका पालकांनी उत्साहाने सांगितलं. नाही. ‘सर्व’चं लॅटिनमधलं नातं दुसऱ्याच शब्दाशी आहे, ‘साल्वुस’शी, म्हणजे अखंड, सुखरूप. त्यातूनच फ्रेंचमार्गे इंग्रजीतला ‘सेफ’ आला. प्रत्येक नात्याला स्वतंत्र पुरावा लागतो, एकाच्या पुराव्यावर दुसरं खपवता येत नाही.

मागे जाऊन झालं की पुढे या. शब्द आपल्या गावात केव्हा उतरला? मुंबईत आधी ट्राम आली, ९ मे १८७४ ला, घोड्यांची. विजेची ट्राम १९०७ साली. बस आली १५ जुलै १९२६ ला, कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, बस राहिली. आणिक डेपोत बेस्टचं संग्रहालय आहे, तिथे मुलांना न्या. शब्दाबरोबर वस्तू बघितली की तारखा पाठ कराव्या लागत नाहीत.

मराठीत आल्यावर शब्दाने कोणतं लिंग घेतलं, तेही लिहा. ट्रक तो, बस ती. बहुधा ‘गाडी’ ती म्हणून बसही ती, असं मला वाटतं. मग अनेकवचन. जुनी माणसं ‘बसगाड्या’ म्हणतात, वर्तमानपत्रं ‘बसेस’ लिहितात. आता हे वाक्य बघा : ‘या थांब्यावर मर्यादित बसेसना थांबा नाही.’ त्यातला ‘बसेसना’ मी फळ्यावर फोडून दाखवला. ‘बस’ हा लॅटिनचा चतुर्थी अनेकवचनाचा प्रत्यय. ‘एस’ हा इंग्रजीचा अनेकवचनाचा प्रत्यय. ‘ना’ हा मराठीचा चतुर्थी अनेकवचनाचा प्रत्यय. तीन भाषांचे तीन प्रत्यय एकापाठोपाठ उभे आहेत आणि मूळ शब्द कुठेच नाही. अण्णांनी आयुष्यभर हा शब्द वापरला. ते असते तर त्यांना हे नक्की सांगितलं असतं, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी ते गाडीत ड्रायव्हरला सांगितलं असतं.

शब्दाच्या फांद्या शोधायला घरातल्या माणसांना विचारा, कोश नंतर. हे मला त्या मुलीनेच शिकवलं. तिचे वडील वायरमन आहेत. चौथ्या शनिवारी ती धावत आली, “बाई, पप्पांच्या पॅनेलमध्ये पण बस आहे!” बसबार. पॅनेलमधली तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची जाड पट्टी. मुख्य लाइन तिच्यावर येते आणि सगळे फाटे तिच्यावरून वीज घेतात. आम्ही शोधलं. पूर्वी इंग्रजीत तिला ‘ऑम्निबस बार’च म्हणत. सर्वांसाठी असलेली पट्टी. तिथून तो शब्द संगणकात गेला, जिच्यावरून सगळ्या भागांची माहिती ये-जा करते ती वाट म्हणजे बस. १९९६ मध्ये यूएसबी आली, तिच्या नावातलं शेवटचं अक्षर ‘बी’ म्हणजे हीच बस. आपण रोज मोबाइलला लावतो त्या वायरीत ती आहे. आणि बेस्ट तर शहर विभागाला वीजही देते. म्हणजे तिच्या रस्त्यावरही बस आणि सबस्टेशनातही बस, एकाच ‘ओम्निबुस’च्या दोन मुली. तिच्या वडिलांच्या पॅनेलमधली पट्टी आणि माझ्या वडिलांची गाडी एका शब्दाने जोडली गेली, हे त्या मुलीला माझ्याआधी दिसलं.

आता तुमचा शब्द निवडा. सुरुवातीला छोटा, रोजच्या तोंडातला घ्या. ‘तिकीट’ घ्या : जुन्या फ्रेंचमधल्या ‘चिकटवणे’ या क्रियापदापासून चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यातून इंग्रजीतलं तिकीट, आणि त्याच फ्रेंच शब्दाने अठराव्या शतकात दुसऱ्यांदा इंग्रजीत येऊन आणलेला ‘एटिकेट’ म्हणजे शिष्टाचार. चिठ्ठीपासून शिष्टाचारापर्यंत कसं पोचले ते तुम्ही शोधा. किंवा उलट्या दिशेचा घ्या, इंग्रजीतला ‘माँगूस’. तो सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत आहे आणि कोश आपल्या ‘मुंगूस’कडे बोट दाखवतात, शेवटचा ‘गूस’ इंग्रजीतल्या हंसासारखा दिसतो म्हणून तिकडच्या मुलांची अनेकवचनात गडबड होते.

आमच्या वहीत पुढच्या पानावर सध्या डावीकडे एकच ओळ आहे, मुलीच्या अक्षरात, तारखेसह : ‘डेपो, जिथे गाडी ढेपाळते.’ उजवं पान कोरं आहे. शनिवारी चारला बसायचं ठरलंय.